जोडी मोडायची की नाही, हे जोडीदाराला कधी विचारणार?

(पत्रलेखकाची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

कोथरूडमध्ये राहणाऱ्या २८ वर्षांच्या एका टेनिसपटूचं हे पत्र. एकेरीत जमलं नाही म्हणून चार वर्षांपूर्वी तो पूर्णपणे दुहेरीकडे वळला. त्याचं दुहेरीतलं रँकिंग २९० च्या आसपास आहे, जोडीदाराचं ३४० च्या. दोघं बाराव्या वर्षापासून एकाच क्लबवर खेळत आले. पहाटे जोडीदाराच्या बाबांच्या स्कूटरवर बसून दोघं सरावाला जायचे, आणि डबा दोघांचाही त्याचीच आई करायची. गेल्या महिन्यात एका स्पर्धेत १७० च्या आसपास रँकिंग असलेल्या एका परदेशी खेळाडूने विचारलं, पुढच्या हंगामात माझ्यासोबत खेळशील का? उत्तर महिन्याभरात द्यायचं आहे. जोडीदाराला हे अजून माहीत नाही. "मी सोडलं तर तो खेळच सोडेल," असं पत्रलेखकाला वाटतं. घरी वडील निवृत्त आहेत, खेळाच्या खर्चाचा मोठा भाग थोरली बहीण उचलते. पत्राच्या शेवटी तो विचारतो: "मी मित्राला फसवतोय का? की हे सगळंच थांबवून आता एखादी नोकरी धरावी?"

प्रिय मित्रा,

वयाने तू माझ्या मुलाएवढा आहेस, म्हणून अरे-तुरे करते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा माझं बोट एकाच वाक्यावर थांबलं. "मी सोडलं तर तो खेळच सोडेल." हे त्याने तुला कधी सांगितलं? पत्रात तसं कुठेच नाही. म्हणजे त्याच्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय तू त्याच्या वतीने घेऊन टाकलास, त्याचं दुःखही आधीच त्याच्या पदरात बांधलंस, आणि आता त्या दुःखाखाली तूच दबून गेला आहेस. त्याला मात्र यातलं काहीच ठाऊक नाही. तो उद्या पहाटे नेहमीसारखा कोर्टवर येईल आणि तुझा चेहरा पाहून विचारेल, काय रे, झोप झाली नाही का?

फसवणुकीचं तू विचारलंस म्हणून स्पष्टच सांगते. दुसऱ्यासोबत खेळणं ही फसवणूक नाही. न सांगता तीन-चार आठवडे त्याच्या शेजारी उभं राहून खेळणं मात्र हळूहळू तिकडे जातं.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी आणि माझी मैत्रीण मिळून एक छोटं समुपदेशन केंद्र चालवायचो. मला एका मोठ्या संस्थेतून विचारणा झाली. तिला वाईट वाटेल म्हणून मी चार महिने गप्प राहिले. जागेचा भाडेकरार नव्याने करायला आम्ही दोघी गेलो, तेव्हा घरमालक सहज बोलून गेले, "पण तुम्ही तर सोडताय ना?" मी त्यांना आधी सांगून ठेवलं होतं आणि तिला नाही. माझ्या जाण्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं, तिने स्वतःच नंतर तसं सांगितलं. त्या चार महिन्यांत आम्ही रोज एकत्र चहा प्यायलो, ते तिला लागलं. पुढे तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

तुमचं टेनिसचं जग तर आमच्या व्यवसायापेक्षाही लहान. आज एका स्पर्धेत झालेलं बोलणं पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशातल्या खेळाडूंच्या लाउंजमध्ये पोचलेलं असतं. हे त्याला तुझ्याकडून कळायला हवं असेल तर तुझ्याकडे महिना नाही, थोडेच दिवस आहेत.

आता जोडी मोडण्याविषयी. तुझ्या पत्रात जोडी हा शब्द लग्नासारखा आला आहे. तुम्ही बारा वर्षांचे होतात तेव्हापासूनचं नातं आहे, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण दुहेरीच्या व्यावसायिक खेळात जोडीचा अर्थ तसा नाही, आणि हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपल्या बालेवाडीचंच घे. रोहन बोपण्णाने तिथली एटीपी स्पर्धा (पुरुषांच्या वरच्या व्यावसायिक दौऱ्यातली) २०१९ मध्ये दिविज शरणसोबत जिंकली आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसोबत. हांगझोच्या एशियाडमध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण त्याने आपल्या ऋतुजा भोसलेबरोबर मिळवलं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन मॅथ्यू एबडनच्या साथीने जिंकली आणि वयाच्या ४३ व्या वर्षी तो दुहेरीत जगात पहिला झाला. लिअँडर पेस आणि महेश भूपती १९९९ मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोचले, त्यातल्या दोन जिंकले. मग वेगळे झाले. आणि २००१ मध्ये पुन्हा एकत्र येऊन फ्रेंच ओपन जिंकले. जोड्या होतात, सुटतात, कधी परत जुळतात. या खेळाची रीतच तशी आहे.

त्यामागे एक रोखठोक गणितही आहे. इतर वाचकांसाठी सांगते. दुहेरीत प्रवेश एकट्याच्या रँकिंगवर मिळत नाही, दोघांच्या रँकिंगची बेरीज बघतात, आणि ती जितकी लहान तितकं बरं. आज तुमची बेरीज ६३०, त्या खेळाडूसोबत ती ४६० होईल. चॅलेंजर, म्हणजे मुख्य एटीपी स्पर्धांच्या खालच्या पायरीवरच्या स्पर्धेत, दुहेरीला साधारण सोळाच जोड्या घेतात. कटऑफ दर आठवड्याला वरखाली होतो, त्यात एकेरीत वर असलेले खेळाडू आपलं एकेरीचं रँकिंग वापरून शेवटच्या क्षणी आत येतात. ६३० वाल्या जोडीला कित्येक आठवडे विमानाचं तिकीट काढून ठेवून वाट बघत बसावं लागतं. आणि चॅलेंजर मिळाली नाही की उरतात त्याखालच्या, आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या म्हणजे आयटीएफच्या स्पर्धा. त्यातल्या सगळ्यांत खालच्या एम१५ दर्जाच्या स्पर्धेत दुहेरी जिंकणाऱ्याला १५ गुण मिळतात, तर चॅलेंजरमध्ये दर्जाप्रमाणे ५० किंवा त्याहून जास्त. जे गुण मिळतात तेही ५२ आठवड्यांनी गळून पडतात. म्हणजे खालच्या पायरीवर माणूस जिंकत राहिला तरी बऱ्याचदा जागच्या जागी पळत असतो.

तेव्हा त्या विचारणेला तू मोह म्हटलं आहेस, ते मला पटत नाही. तो तुझ्या व्यवसायातला सरळ, रास्त प्रस्ताव आहे.

म्हणून डोळे मिटून हो म्हण, असंही मी सांगणार नाही. हे पत्र आल्यावर मी पुण्यातल्या दोन अनुभवी प्रशिक्षकांशी बोलले, तुझं नाव न सांगता. दोघांनीही पहिला प्रश्न एकच विचारला: तो परदेशी मुलगा फक्त दुहेरी खेळतो की एकेरीही? हे तू विचारलं आहेस का? एकेरी खेळणारा जोडीदार तिकडे एकेरीच्या उपांत्य फेरीत पोचला की पाय दुखतोय म्हणून दुहेरीतून माघार घेऊ शकतो, आणि तू दोन हजार मैलांवरच्या हॉटेलात बॅग भरत बसतोस. पुढचा हंगाम म्हणजे नेमके किती आठवडे? कुठल्या कोर्टवर, क्ले (मातीचं) की हार्ड (टणक)? त्याला कुठली बाजू लागते, ड्यूस (कोर्टची उजवी) की ॲड (डावी)? तू आयुष्यभर ॲड कोर्टवरून रिटर्न घेतले असशील आणि त्यालाही तीच बाजू हवी असेल, तर १७० आणि २९० ची बेरीज कागदावरच राहील. आणि त्याचं रँकिंग वाढलं, त्याला १०० च्या आतला कुणी भेटला, तर? तो तुला किती आधी सांगेल? हा शेवटचा प्रश्न विचारताना तुझा मित्र तुला आठवेल. आठवू दे. अवघड वाटला तरी तो प्रश्न विचार.

आणि सबंध हंगामाचं वचन कशासाठी द्यायचं? आधी दोन-तीन स्पर्धा एकत्र खेळून बघा. मित्रासोबत भारतातल्या स्पर्धा, त्या परदेशी खेळाडूसोबत युरोपातले काही आठवडे, अशी विभागणी दुहेरीतले कित्येक खेळाडू करतात. अर्थात ती तुझ्या मित्राला मान्य असली तर. कदाचित त्याला अर्धवट काहीच नको असेल. कदाचित तोही मनातून दमला असेल आणि तुला वाईट वाटेल म्हणून गप्प असेल. हे मी कल्पनेने म्हणते आहे, पण तुझी कल्पनाही तितकीच कल्पना आहे ना? विचारल्याशिवाय दोन्हींतलं खरं कुठलं ते कळायचं नाही.

त्याच्याशी बोलताना एवढं सांभाळ. कोर्टवर नको, सामन्यानंतर नको, आणि मोबाइलवर मेसेज तर नकोच. निर्णय घेऊन जाऊ नकोस, प्रस्ताव घेऊन जा. "मी ठरवलंय" आणि "मला विचारलंय, मी अजून उत्तर दिलेलं नाही" या दोन वाक्यांत तुमची सोळा वर्षं आहेत. तो चिडला तर चिडू दे. त्याच संध्याकाळी सगळं मिटवायला धावू नकोस. आणि तुझ्या अपराधीपणावर फुंकर घालायचं काम त्याच्यावर टाकू नकोस. "तू रागावला नाहीस ना?" असं विचारलंस की तो बिचारा नाही म्हणेल आणि घरी जाऊन एकटाच बसेल.

आता तुझा दुसरा प्रश्न, खेळ थांबवण्याचा. पत्रात तू तो पहिल्याला जोडून टाकला आहेस, जणू मित्राशी बोलायची वेळ टळावी म्हणून सगळंच सोडून द्यावं. हे दोन प्रश्न वेगळे ठेव. हा दुसरा प्रश्न तुझा, घरच्यांचा आणि पैशांचा आहे.

त्याआधी एक गोष्ट मला तुझ्याकडून काढून घ्यायची आहे. "एकेरीत जमलं नाही म्हणून दुहेरी." हे वाक्य तू नातेवाइकांसमोर म्हणत असशील, म्हणजे ते म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकलेलं बरं. पण स्वतःशी म्हणू नकोस. दुसऱ्या सर्व्हिसवर ‘पोच’ करायला, म्हणजे नेटवरून आडवं धावून जोडीदाराकडे जाणारा चेंडू मध्येच मारायला, निघायचं की थांबायचं हे अर्ध्या क्षणात ओळखणं, जोडीदाराच्या खांद्यावरून तो रिटर्न कुठे मारणार ते कळणं, नेटवर हात मऊ ठेवणं, हे वेगळं कसब आहे. युकी भांबरी एकेरीत पहिल्या शंभरात होता. दुखापतींनंतर तो दुहेरीकडे आला आणि २०२५ च्या यूएस ओपनमध्ये मायकेल व्हीनससोबत उपांत्य फेरीत खेळला. पुण्याच्या अर्जुन कढेने पहिलं एटीपी विजेतेपद २०२४ मध्ये अल्माटीत मिळवलं, तेव्हा तो तीस वर्षांचा होता. तुझंही असंच होईल असं मी म्हणत नाही. तसं म्हणण्याचा मला काहीही अधिकार नाही. दुहेरीत २८ हे वय म्हणजे संपलेलं वय नव्हे, एवढंच.

पण पैशाचं मात्र मी गोड करून सांगणार नाही, कारण तुझी ताई हे सदर वाचत असेल तर तिलाही ते खरं कळायला हवं. एम१५ स्पर्धेचं एकूण बक्षीस १५,००० डॉलर, त्यातला बराचसा भाग एकेरीला. दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला दोघांत मिळून हजार डॉलरही येत नाहीत, आणि त्यावर कर. विम्बल्डनमध्ये २०२५ साली एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ६६,००० पौंड होते, दुहेरीत पहिल्या फेरीत हरणाऱ्या जोडीला १६,५००, तेही दोघांत. एटीपीने २०२४ पासून किमान उत्पन्नाची जी हमी सुरू केली, ती एकेरीतल्या पहिल्या २५० जणांसाठी. दुहेरीतल्या माणसाला ती लागू नाही. ही विषमता आहे, मला ती अन्यायाची वाटते. पण तुझ्या घरचा हिशेब तिच्यासकटच मांडावा लागणार.

म्हणून एका रविवारी ताईबरोबर बस. गेल्या वर्षीचा एक-एक आठवडा लिहून काढा: विमान, हॉटेल, व्हिसा, रॅकेटचं गटिंग (तारा बसवणं), फिजिओ, जेवण, आणि समोर त्या आठवड्यात काय आलं ते. परदेशात बक्षिसातून कापलेल्या कराचं श्रेय इथल्या विवरणपत्रात मागता येतं, त्यासाठी प्रत्येक स्पर्धेची कर कापल्याची पावती जपून ठेव आणि एखाद्या सीएला दाखव. बरीच मुलं हे पैसे तसेच सोडून देतात. आणि मग ताईला एक प्रश्न विचार, जो मला वाटतं तू आजवर विचारला नाहीस: "माझ्यासाठी तू काय पुढे ढकललं आहेस?" ती काहीच नाही म्हणेल. थोडा वेळ गप्प बस आणि पुन्हा विचार. उत्तर मिळेपर्यंत तिच्याकडून पुढचा रुपया घेऊ नकोस, असं मी माझ्या मुलाला सांगितलं असतं.

थांबायचं कधी, याची तारीख दोघांनी मिळून ठरवा आणि कुठेतरी लिहून ठेवा. पण फक्त रँकिंगचा आकडा धरून ठरवू नका. दुहेरीत ४०-४० झालं की एकाच गुणावर गेम जातो, आणि एक-एक सेट झाला की तिसऱ्या सेटच्या जागी दहा गुणांचा टायब्रेक. चांगली जोडीही सलग चार आठवडे त्या टायब्रेकमध्ये हरू शकते. त्यामुळे आकड्याबरोबर दुसऱ्या गोष्टीही बघ. वरच्या जोड्यांविरुद्ध तुझी सर्व्हिस किती वेळा टिकली? सरावाला बोलावणारे तुझ्यापेक्षा वरचे आहेत का? कुणी आपणहून जोडीदार म्हणून विचारतंय का? शेवटच्याचं उत्तर तर तुझ्या हातात आलंच आहे.

नोकरीबद्दल बोलायचं तर, खेळ सोडल्यावरच नोकरीचा विचार, असं का? जर्मनी आणि फ्रान्समध्ये क्लबांच्या सांघिक लीग असतात, त्यात दुहेरीचे सामनेही असतात आणि क्लब खेळाडूंना मानधन देतात. आपल्याकडे टेनिस प्रीमियर लीग आहे. पुण्यात असशील त्या आठवड्यांत सकाळी दोन तास मुलांना शिकवलंस तर तुझा खेळ काही बिघडणार नाही, आणि प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आत्ताच घेऊन ठेवलंस तर पुढे धावपळ होणार नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण कुठली स्पर्धा आणि कुठली कामगिरी चालते ते शासन निर्णयात ठरलेलं असतं, प्रमाणपत्रांची पडताळणी आधी करून घ्यावी लागते आणि वयाची अट असते. राष्ट्रीय स्पर्धांची जुनी प्रमाणपत्रं माळ्यावरून खाली काढ आणि क्रीडा कार्यालयात जाऊन नीट चौकशी करून ये. पदवी अर्धवट राहिली असेल तर तीही. हे सगळं खेळत असतानाच करायचं, म्हणजे थांबायची तारीख आली तर पायाखाली जमीन असेल.

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस, तरी मला ती बोलायलाच हवी, कारण तुझ्यासारखी इतर मुलं आणि त्यांचे आईवडील हे वाचत असतील. खालच्या स्पर्धांत, पैशांची ओढाताण चालू असताना, कुणीतरी फोनवर गोड बोलतं. एक गेम, एक सेट, कुणाला कळणार नाही. सट्टेबाज नेमके याच पायरीवर येतात, कारण गरज इथेच असते. नाही म्हणणं पुरेसं नाही. अशी विचारणा झाली तर ती इंटरनॅशनल टेनिस इंटिग्रिटी एजन्सीला कळवणं खेळाडूवर बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा धरला जातो. पैसे घेऊन मुद्दाम सामना हरणाऱ्यांवर आजन्म बंदी आलेली आहे. घरच्यांनी खर्चाविषयी उघड बोलायला हवं ते यासाठीही. मुलाला घरी पैशाचं सांगायची लाज वाटत असेल, तर तो ते बाहेर कुणाला तरी सांगतो.

तुझे काका टीव्हीवर कधी दिसणार म्हणून विचारतात, असंही तू एका ओळीत लिहिलं आहेस. त्यांना पुढच्या वेळी बालेवाडीला चॅलेंजर असेल तेव्हा घेऊन जा. बाजूच्या कोर्टवर, पहिल्या रांगेत, दुहेरीचा एक अख्खा सामना दाखव. चार माणसं इतक्या जवळ उभी राहून इतक्या वेगाने खेळताना टीव्हीवर नीट दिसतच नाहीत.

मला विचारशील तर तू ते आठवडे त्या खेळाडूसोबत खेळून बघावंस. हे माझं मत, आणि ते तुझ्या मित्राशी बोलण्याआधीचं आहे. त्याच्याशी बोलल्यावर तुझं मत बदललं तर ते माझ्या मतापेक्षा जास्त माहितीवर उभं असेल.

त्याच्याशी बोलून झालं की दोन दिवस जाऊ दे आणि मग त्याच्या घरी जा. त्याच्या आईला हे तू स्वतः सांग. तुझा डबा करायला त्या इतकी वर्षं पहाटे उठल्या आहेत. त्यांना ही गोष्ट मुलाच्या पडलेल्या चेहऱ्यावरून कळू देऊ नकोस. जाताना काही नेऊ नकोस, भेटवस्तू तर नाहीच. त्या जेवायला वाढतील. जेवून ये.

तुझी,
आईच्या वयाची एक हितचिंतक